शेंगाचटणी पेजवर कोण आहे

२ फेब्रुवारी

पेजवर चित्र आलंय. मी टाकलेलं नाही!

दुपारी एक वीसला आलंय. तेव्हा मी टॉवेलच्या गठ्ठ्यांना पट्ट्या मारत होतो. मोबाईल गेटवर वॉचमनच्या कप्प्यात, बंद. इथं वापीला आत मोबाईल नेऊ देत नाहीत.

पासवर्ड दोघांनाच माहीत. मला आणि शिवपुत्रला. शिवपुत्रला जाऊन एकेचाळीस दिवस झाले.

चित्र त्याच्याच हातचं. बोटानं स्क्रीनवर काढायचा, एकदा टेकवलेलं बोट चित्र संपेपर्यंत उचलायचा नाही. सोलापूरचा रंगखाना काढलाय, आम्ही दोघं सूत रंगवायचो तो, बाहेरून. पत्र्याचं छप्पर, वाळत घातलेलं सूत, भिंतीला टेकवलेली माझी सायकल.

३ फेब्रुवारी

पासवर्ड बदलला. आता माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

५ फेब्रुवारी

आज जुन्या पोस्टी बघत बसलो. ‘शेंगाचटणी’ हे नाव त्यानंच ठेवलेलं. म्हणायचा, आपल्या डोक्यात जे जे आहे ते सगळं एकाच उखळात कुटायचं. त्याची चित्रं, माझे विनोद, दोघांच्या गेमचे व्हिडिओ, आणि कुठं कुणावर अन्याय झाला की त्यावर चार ओळी. विनोद पण सोलापुरीच, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्यावरचे — ‘जावई बोलवायचा तर नळाचा वार बघून बोलवा!’ त्यावर शुक्रवार पेठेतल्या निम्म्या बायका हसल्या.

पण सगळ्यात जास्त चालली ती गटारात उतरणाऱ्या माणसांची पोस्ट. चित्र त्याचं, शब्द माझे. ‘पट्टा नाही, मास्क नाही, माणूस मात्र स्वस्त.’ सहाशे जणांनी पुढं पाठवली. दिल्लीत गटारात गुदमरून मेलेल्या माणसांसाठी लिहिली होती.

त्यानंतर महिन्याभरात शिवपुत्र रंगाच्या टाकीत गाळ काढायला उतरला आणि तिथंच गेला. पट्टा नाही, मास्क नाही. त्यावर पेजवर एक ओळसुद्धा नाही. मी लिहिलीच नाही.

७ फेब्रुवारी

दुसरं आलं! एक वीसलाच. नव्या पासवर्डनंतर!

आता रंगखान्याच्या आतलं. टाकीचं झाकण बाजूला, दोर आत गेलेला. वर एक माणूस उभा. नुसती कड काढलीय त्याची, आत सगळं पांढरं.

खोलीतला अभिमन्यू पेज बघतो. मोहोळचा आहे, त्याला काहीच माहीत नाही. जेवताना म्हणाला, “आरं, ह्यो पांढरा गडी कोण रं? भुताचं हाय व्हय? लई भारी काढतोय की तुझा दोस्त!”

मी म्हणालो, व्हय, भारी काढतो.

८ फेब्रुवारी

महादेवीचा फोन. शिवपुत्रची धाकटी बहीण. आधी नेहमीसारखंच — जेवलास का, तिकडं थंडी आहे का. मग म्हणाली, “विरेशण्णा, चोवीस तारीख लागलीय. लेबर ऑफिसला. तू एकदा ये की. दादा पीत नव्हता एवढंच सांग. दुसरं काही मागत नाही.”

बघतो म्हणालो.

तिला त्या कागदाचं माहीत आहे की नाही, कळलं नाही. त्या कागदावर लिहिलंय की शिवपुत्र दारू पिऊन टाकीत पडला आणि मी डोळ्यांनी बघितलं. खाली माझी सही. तो तर आयुष्यात कधी प्यायला नाही! गळ्यात लिंग, सकाळी पूजा केल्याशिवाय चहासुद्धा नाही. आता पेठेत त्याच्या आईला दारुड्याची आई म्हणतात.

सुपरवायझर धनाजीनं कागद पुढं केला तेव्हा काय म्हणाला ते अजून कानात आहे. “तुम्ही दोघं प्यायला होता असं लिहू, का तो एकटा? तूच सांग.” सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळीच वापीच्या गाडीत बसवलं. मातीलासुद्धा थांबलो नाही.

११ फेब्रुवारी

महादेवीला विचारलंच — दादाचा मोबाईल कुणाकडं आहे? उतरताना शर्ट काढून ठेवला होता, मोबाईल खिशातच राहिला होता.

ती म्हणाली, “तुला कुणी सांगितलं नाही? अव्वानं त्याच्यासोबत दिला.”

आमच्या लिंगायतांत मेलेल्याला मातीत बसवतात. मांडी घालून, डाव्या तळहातावर लिंग. अव्वानं, त्याच्या आईनं, उजव्या हातात मोबाईल दिला. स्वामी नको म्हणाले. अव्वा ऐकेना. म्हणाली, बसल्या बसल्या कंटाळेल माझं पोरगं.

ऐकून मला हसू आलं. खरंच आलं. 

१३ फेब्रुवारी

आज सुट्टी. दुपारी गेम उघडला. इथं आल्यापासून पहिल्यांदाच. मित्रांच्या यादीत त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका!

एक वीसला बोलावणं आलं. मी हो दाबलं. का दाबलं काय माहीत.

मैदानात उतरलो. तो पुढं होता. पळत नाही, गोळी मारत नाही. बसलेला. मांडी घालून, माझ्याकडं तोंड करून. बाजूनं दुसरी पोरं पळत होती, त्याला कुणी मारेना. माईक चालू होता. त्यातून टाकीत बोलल्यावर घुमतं तसं येत होतं. शब्द नाहीत, नुसतं घुमणं.

मोबाईल गादीखाली घातला आणि खोलीबाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो.

१६ फेब्रुवारी

तिसरं. पांढऱ्या माणसाला पायांत चपला आल्यात. डावीचा अंगठा तारेनं बांधलेला. माझ्या आहेत. आता पायात आहेत!

खाली लोकांची मजा चाललीय. ‘पांढरा कोण ते ओळखा, बक्षीस काय?’ ‘पुढच्या भागात तोंड दाखवणार का दादा?’ एकानं लिहिलंय, ‘हात का लपवलेत त्याचे?’

ते परत परत वाचलं. हात खरंच दिसत नाहीत.

१७ फेब्रुवारी

पेज कुठल्या कुठल्या फोनवर उघडलंय ते बघता येतं. अभिमन्यूनं दाखवलं. एकच फोन आहे. माझा. कालच्या एक वीसलाही हाच, वापी.

तेव्हा तो गेटवरच्या कप्प्यात बंद होता. वॉचमनला विचारलं. म्हणाला, कप्प्याला कुलूप असतं, चावी माझ्या कमरेला.

१९ फेब्रुवारी

आज काहीच आलं नाही. हे जास्त वाईट.

२१ फेब्रुवारी

धनाजीचा फोन. “विरेश, चोवीसला हिकडं फिरकू नकोस. तिथं नीट लागलायस ना कामाला? मग झालं की!” मालकांचं नाव घेतलं, इथं मला कामाला ठेवणाऱ्या त्यांच्या मेव्हण्याचं नाव घेतलं. शेवटी हळू आवाजात, “मी बोललो तर तुझं काय राहील, बघ.”

मी हो हो केलं.

अभिमन्यूला म्हणालो, गावाकडं जातो. “पोरगी बघायला का?” म्हणून हसला. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला आणि स्वतःची पिशवी रिकामी करून मला दिली.

२४ फेब्रुवारी, सोलापूर

लेबर ऑफिसच्या साहेबांनी विचारलं, पीत होता का? नाही म्हणालो. मास्क, पट्टा? नाही. उतरायला कुणी सांगितलं? धनाजीनं. मग कागद उलटता उलटता, सहज — वर दोर कुणाच्या हातात होता?

माझ्या हातात असायला पाहिजे होता. मी तो खांबाला गुंडाळला होता. दुपारचे एक वीस झाले होते, हातात मोबाईल होता, मॅच चालू होती. त्यानं हिसके दिले असतील. मला कळलं नाही. हे मी आजवर ह्या वहीतसुद्धा लिहिलेलं नाही.

महादेवी माझ्या शेजारी बसली होती. उठून पलीकडं गेली. अव्वाला मराठी कमी समजतं. ती एकेकाला विचारत राहिली — काय म्हणाला तो, काय म्हणाला? 

मग मीच सांगितलं. कन्नडमध्ये, परत पहिल्यापासून.