पोपटरावांच्या छातीतले ओटे

पिंपळदरा, ता. शिरूर
१८ डिसेंबर २०२४

चि. मोनालीस,
तुझ्या मुक्या मामाचे अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नको, घरात सगळे जागेवर हायेत. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलायला बंदी केलीय. म्हंजी त्या म्हणाल्या होत्या की आवाज जपा, थोडं थोडं बोला. पण तुझ्या मामीनं बाहेर येऊन जाहीर केलं की तोंडच उघडायचं न्हाई, आन् फोन काढून घेतला. मला थोडं बोलता येत न्हाई, हे तिला लग्नापासून ठाऊक हाय. म्हणून हे पत्र. शिरूरच्या पोस्टात पाकीट मागितलं तर त्यांनाच कपाट हुडकावं लागलं.

दिवाळीनंतर परत न्यूमोनिया झाला होता, हे ताईकडनं कळलं असंल. माझ्या श्वासनळ्या म्हणे जुन्या मोज्यासारख्या सैल पडल्यात. आत कफ साचतो आन् एक चिवट जंतू तिथं मुक्कामाला हाय. औषध दिलं की दबतो, थंडी पडली की परत हजर.

आता तुझं काम. पुढच्या खेपेला बाईंनी मला औषधाच्या एका नव्या चाचणीत येता का विचारलं. पुढं काहीतरी स्फिंगोलिपी, स्फिंगोलिपी म्हणाल्या. मला वाटलं मोडी लिपीसारखी ही कुठली तरी लिपी असंल, म्हणून मी मान हलवून कागदावर लिहून दिलं की मला फक्त बाळबोध वाचता येतं. त्या इतक्या हसल्या की बाहेरचे पेशंट आत डोकावले. नंतर कळलं की तुझी प्रयोगशाळाच या कामाला जोडलेली हाय. तवा नीट समजावून सांग.

चैत्रात शिरूरपल्याड जत्रा हाय. शर्यतीच्या घाटावर बैलगाडे चढाला पळणार आन् पुकारायचा माइक माझ्या हातात नसणार, हे मला सोसायचं न्हाई. माझ्या जागी पुकारायला गावातल्या भिमाजीनं आत्ताच घसा तयार करायला घेतलाय. रोज सकाळी कच्ची अंडी पितो आन् विहिरीत तोंड घालून ओरडतो. गावातल्या कोंबड्यांनी धसका घेतलाय.

ताईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
पोपटमामा

---

केडगाव, ता. दौंड
२६ डिसेंबर २०२४

ती. पोपटमामांस,
मोनालीचा शि. सा. न. वि. वि.

पुण्याला जाताना डेमू गाडीत तुमचं पत्र वाचलं आणि मोडी लिपीपाशी एवढी हसले की समोरच्या आजींनी मला जागा बदलायला सांगितली. आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोपटच्या जिभेला बंदी घातली की ती हातातून बाहेर येते, शाळेत असतानाही असंच होतं.

आता लिपी शिकवते. शब्द आहे स्फिंगोलिपिड. आपल्या पेशींच्या पातळ भिंतींत असणारे हे स्निग्ध पदार्थ. ज्यानं ते पहिल्यांदा शोधले त्याला ते इतके गूढ वाटले की त्यानं कोडी घालणाऱ्या स्फिंक्स राक्षसिणीचं नाव दिलं. मला पगार ते कोडं सोडवायचाच मिळतो.

त्यातल्या एका स्निग्धाचे तुकडे करणारं एन्झाइम आपल्या शरीरात असतं. त्यातून सेरामाइड तयार होतं. ते थोडं हवंच, जंतू आला की शरीराला सावध करायला ते लागतं. पण काही आजारांत ते नळ्यांमध्ये साचत जातं. मग पेशींवर त्याचे जणू ओटे तयार होतात, आणि आपल्या पारावर मंडळी टेकतात तसे जंतू तिथं टेकतात. वर सूजही येते. याच घराण्यातलं स्फिंगोसिन मात्र जंतूंना मारतं, आणि तेच अशा वेळी कमी पडतं. म्हणजे पाहुणे वाढले आणि राखणदार रजेवर गेले.

तुमच्या चाचणीतली गोळी त्या तुकडे करणाऱ्या एन्झाइमला आवरते. गोळी जुनी आहे, मुळात मनाच्या आजारावरची. फुफ्फुसाला तिचा उपयोग होतो की नाही, हे अजून सिद्ध झालेलं नाही, तेच तर बघायचंय. निम्म्या लोकांना खरी गोळी मिळेल, निम्म्यांना दिसायला तशीच पण बिनऔषधाची. तुम्हाला कुठली मिळाली हे तुम्हाला, डॉक्टरांना आणि मलाही कळणार नाही. माझ्याकडे कफाच्या डब्या नुसत्या नंबरावर येतात, त्यातली मामाची कुठली ते शोधायला मला सक्त मनाई आहे. नंतर वाटलं तर मधेच बाहेर पडायचीही मोकळीक आहे. आणि मामीला सगळं नीट सांगा, अर्धवट नको.

भिमाजीकाकांना सांगा की कच्ची अंडी घशात जातात, आवाजात नाही.

तुमच्या राग-लोभ दोन्हींची हक्कदार,
मोनाली

---

पिंपळदरा
२० जानेवारी २०२५

चि. मोनालीस,
धुरपदामामीचे आशीर्वाद.

मला तुझ्यासारखं लिहिता यायचं न्हाई, सातवीपर्यंतच शिकले. पण काळजावर दगड ठेवून लिहिते. गेल्या आठवड्यात दवाखान्यात यांना तपासायला आत नेलं तवा मी नर्सबाईंशी बोलत बसले. त्या सहज म्हणाल्या की ही चाचणीची गोळी उदास माणसांना देत्यात, तवा मनाकडं लक्ष ठेवा.

मोनाली, मी म्हटलं, हा माणूस एवढा उदास हाय आन् मला पत्ता न्हाई? घरी येऊन विचारलं तर यांनी खूप हातवारे केले. छातीवर हात ठेवला, बोटांनी ओटा दाखवला, मग जंतू बसल्यासारखं करून दाखवलं. मी म्हटलं, गेलं, डोक्यापर्यंत गेलं.

मग मी शेजारच्या हौसरावांच्या बायकोला सांगितलं. तिनं फक्त आळीत सांगितलं. आता रोज माणसं यांना हसवायला येत्यात. कुणी शिरा आणतंय, कुणी नकला करतंय. काल केंदूरची माझी बहीण येऊन नाचली, साठीची बाई. यांना हसू आवरंना, हसू आलं की खोकला येतो, आन् खोकला आला की माणसांना वाटतं हे रडत्यात. मग ती आणखी नाचती.

मी कुठं कमी पडले ते तू विचारून घे यांना. माझ्यापाशी लिहून द्यायचे न्हाईत. तुझ्या आईला यातलं सांगू नको, उगा घोर लागंल.

तुझी,
मामी

---

पिंपळदरा
९ फेब्रुवारी २०२५

चि. मोनालीस,
नाचगाण्यानं जेरीस आलेल्या मामाचे अ. उ. आ.

तुझा मामीला आलेला फोन आम्ही दोघांनी मिळून ऐकला. मी ऐकायचं, तिनं बोलायचं, असं ठरलं होतं. ओट्यांचं तिला एकदाचं पटलं. आता ती आल्यागेल्याला सांगते की यांच्या छातीत बाजार भरलाय, डॉक्टर उठवणार हायेत.

पण मधे काय झालं ते ऐक. भिमाजी आला. माझ्यासमोर बसला आन् डोळे पुसत म्हणाला की दादा, माझ्यामुळं तुम्ही खचलात, मी यंदा माइकला हात लावत न्हाई. मी पाटीवर लिहिलं की तसं काही न्हाई, लेका. त्याचा चष्मा घरी राहिलेला. त्यानं वाचलं, तसं काही न्हाई ठेका. त्याला वाटलं, त्याच्या बोलण्याला ठेका न्हाई असं मी म्हणतोय. आणखीच रडला.

तो गेल्यावर मी गोठ्यात जाऊन एकटाच हसलो, आन् हसता हसता माझ्या ध्यानात आलं की कितीतरी दिवसांनी असा आपला आपण हसतोय. मोनाली, तुला म्हणून लिहितो. नर्सबाई अगदीच चुकल्या नव्हत्या. आवाज गेल्यापासून मी रोज उसाच्या कडेला जाऊन बसायचो. वाटायचं, पोपट बोलत न्हाई तर त्याला ठेवायचा कशाला. मामीला हे सांगायला तोंड न्हवतं, दोन्ही अर्थानं. मग काल सांगितलं. हळू आवाजात, बंदी मोडून. तिनं चहात साखर जास्त घातली आन् शेजारी बसून राहिली.

माझं तोंड सारखं कोरडं पडतंय, आन् या गोळीनं तसं होतं असं चाचणीच्या कागदावर छापलं हाय. म्हंजी खरी गोळी मिळाली ना? डोळा मारला तरी चालंल.

लोभाचं मीटर चालू ठेव.

तुझा,
पोपटमामा

---

केडगाव
२१ मार्च २०२५

ती. पोपटमामा आणि सौ. मामींस,
मोनालीचा एकाच पाकिटात दोन वेळा नमस्कार.

डोळा मारणार नाही. तोंड थंडीनंही कोरडं पडतं आणि बायकोच्या प्रश्नांनीही पडतं, असं आई म्हणते.

पण मामींनी कळवलेला निरोप ऐकून मी प्रयोगशाळेच्या जिन्यावर उड्या मारल्या. या वेळच्या तपासणीत तो चिवट जंतू जवळजवळ दिसलाच नाही! उरलेला हिवाळा दवाखान्यात भरती न होता गेला! मामा, मला नाचता येत नाही, पण केंदूरच्या मावशींकडून शिकून घेईन. फक्त एवढं लक्षात ठेवा की हे श्रेय गोळीचं, की तुम्ही रोज सकाळी मामींच्या धाकानं कफ काढायचे व्यायाम करता त्याचं, ते आज कुणालाच सांगता येणार नाही. सगळ्यांची चाचणी संपली की उलगडेल. तोवर व्यायाम बंद करू नका.

डॉक्टरांनी जत्रेला परवानगी दिलीय ती अशी: धुळीत मास्क, आणि माइक फक्त शेवटच्या फेरीला. बाकीचा दिवस भिमाजीकाकांचा. मला सुट्टी नाही, त्यामुळे मामींनी डोळ्यांनी बघून मला सविस्तर लिहायचं.

तुमच्या आशीर्वादावर टपून बसलेली,
मोनाली

---

पिंपळदरा
१५ एप्रिल २०२५

चि. मोनालीस,
मामीचे आशीर्वाद, आन् थोडी लाज.

आधीच सांगते, तुला कुणी मोबाइलवर काही दाखवलं तर बघू नको. माझ्या तोंडून ऐक.

दिवसभर भिमाजी बोलला. चांगला बोलला. यांनी मास्क लावून मंडपात बसून प्रत्येक गाड्याच्या बारीला बोटांनी त्याला इशारे केले, कुठं थांबायचं, कुठं चढवायचं. गुलालानं मास्क गुलाबी झाला होता. मी पाण्याची बाटली घेऊन यांच्या खांद्याशी उभी, कारण डॉक्टरांचा तसा हुकूम होता. बाया खाली बसल्या होत्या, मी एकटीच बाप्या माणसांत.

शेवटची बारी हौसरावांच्या बैलांची. भिमाजीनं माइक दोन्ही हातांनी यांच्या पुढं धरला. यांनी मास्क खाली केला. सगळा घाट मंडपाकडं वळला. यांनी बैलांची नावं घेतली, हौसरावांचं घेतलं, आवाज बारीक होता पण सरळ निघाला. मग चढायला लागला. मोनाली, पहिल्यासारखा! माणसं उभी राहिली. हे चढवत गेले, चढवत गेले, मधे श्वास घ्यायचं नावच न्हाई. मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला. मी पुढं झाले आन् जीव तोडून ओरडले, पोपटराव, सावकाश!

माइक माझ्या तोंडापुढंच होता, मला काय ठाऊक? चारी बाजूंच्या कर्ण्यांतनं माझाच आवाज डोंगरापर्यंत गेला. मी आजवर यांचं नाव उखाण्यातसुद्धा अडखळतच घेतलंय. घाटावर क्षणभर कुणालाच काही कळंना. मग असा हशा उठला की बैलं कान टवकारून इकडं बघायला लागली. मी पदरानं तोंड झाकलं. पण त्या हसण्यात यांना श्वास मिळाला. यांनी छाती भरून घेतली, माझ्याकडं बघितलं आन् मग गाडा सोडायचं ते भिर्रर्र असं ठोकलं की धुळीचा लोट उठायच्या आत बैलं निम्मा घाट चढून गेली होती. हौसरावांची बारी पहिली आली. पण त्यांचं नाव कुणी घेईना. सगळे मलाच बघायला मंडपाकडं पळाले.

घरी येताना मी गाडीत म्हटलं की चुकलं माझं, माणसांत तुमचं नाव घेतलं. हे म्हणाले की नाव चुकलं न्हाई, फक्त सावकाश म्हणायला तू फार वेळ लावलास. मग सबंध रस्ता बोलत राहिले. शिरूर ओलांडलं, फाटा आला, तरी बोलतच होते. मधे मधे स्वतःच थांबून श्वास घेत होते, मला सावकाश म्हणावं लागलं न्हाई.

आता गावात यांना कुणी रामराम घालत न्हाई. लांबनंच ओरडत्यात, पोपटराव, सावकाश! हे हात वर करून थांबत्यात, आन् खरंच सावकाश चालायला लागत्यात. ते बघितलं की मी आत पळते. पण खिडकीतनं बघते.

गोळी खरी निघो न्हाईतर खोटी, तू तुझं कोडं सोडवत राहा. सुट्टी मिळाली की ये, पुरणपोळ्या घालते. आठवणीत असू दे.

तुझी,
धुरपदा पोपटराव, तुझी मामी
(बघ, परत घेतलं.)