मीटररूमजवळची जागा

१२ मार्च, गुरुवार
सकाळी हरीभाऊ दुसऱ्या मजल्यावरून चहाला उतरला. पेपर मी विकत घेतो, वाचतो तो. मिठातल्या सोडियमवर चालणारी बॅटरी निघालीय म्हणे. स्वस्त, पेट घ्यायची भीतीही कमी. ओरडलाच, "सेक्रेटरी, आमचे मिठावर आता गारी चालनार हाय! बाप पायजे व्हता आज." त्याच्या बापाची मिठागरं होती खाडीकडे. बातमी कापून घेऊन गेला. मागच्या पानावरचं माझं शब्दकोडंही गेलं.
संध्याकाळी त्याची सून सुवर्णा अर्ज घेऊन आली. नवरा दुबईला, घर तीच ओढते. मीरा रोडला डबे पोचवायला इलेक्ट्रिक स्कूटर घेतलीय. पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट हवा, खर्च सगळा तिचा. "बाबांनी मागे काहीतरी टाचलंय," म्हणाली. सही करून घेतला. कमिटीपुढे ठेवतो म्हटलं.

२० मार्च
वायरमनला दाखवलं. सोयीची भिंत एकच, मीटररूमजवळची. नेमकी तिथे माझी स्कूटर. सात वर्षं चालू केलेली नाही. ही गेल्यापासून हलवलेलीही नाही. मागच्या सीटला हिनं शिवलेलं कव्हर आहे अजून.
अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. बघू.

२९ मार्च, रविवार
मीटिंग झाली. टाकीची गळती, रंगकाम, नेहमीची भांडणं. अर्ज काढला नाही.
जिन्यात सुवर्णा. "काका, काय झालं आपल्या पॉइंटचं?"
"कमिटी नाही म्हणाली गं." तोंडातून निघून गेलं.
"बरं," म्हणाली आणि स्कूटरमधून काढलेली बॅटरी उचलून वर गेली. चांगली जड असते ती. मधल्या वळणावर टेकवून तिनं हात बदलला.
खोटं बोललो. पुढच्या मीटिंगला बघू.

९ एप्रिल
तक्रार आली. सुवर्णा बॅटरी पॅसेजमध्ये चार्जिंगला लावते, वायर पायात येते. बोर्डावर सूचना लावली : पॅसेजमध्ये कोणीही बॅटरी चार्ज करू नये. खाली माझी सही, ठसठशीत.
हरीभाऊ वाचून म्हणाला, "मंग घरान लावू. नियम तो नियम." रागावलासुद्धा नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

२३ एप्रिल
लिहवत नाही. तरी लिहितो.
दुपारी सुवर्णा डबे देऊन उन्हातून आली. तापलेली बॅटरी दाराशीच चार्जिंगला लावली आणि कोथिंबीर आणायला खाली उतरली. दहा मिनिटं, जास्त नाही. आधी शिट्टीसारखा आवाज झाला म्हणतात, मग धूर. हरीभाऊ आतल्या खोलीत. दार एकच, आग तिथेच. खिडकीला ग्रिल.
मी खालून ओरडत होतो, हरी, टॉवेल ओला कर, तोंडावर धर. ग्रिलमधून त्याचा हात दिसत होता. मग दिसेना.
अजून जिवंत आहे. इस्पितळात नेलाय.

२६ एप्रिल, रविवार
हरीभाऊ गेला. धूर छातीत बसला होता. त्याचं अख्खं नवघर गाव आलं होतं पोचवायला. मी खांदा दिला.

३० एप्रिल
शाबासकी मिळतेय मला! तिसऱ्या मजल्यावरचे शाहभाई चारचौघांत म्हणाले, "आपने तो पहले ही नोटिस लगाया था. दूर का सोचते हैं आप." सगळ्यांनी माना डोलावल्या. बहुतेक मीही डोलावली.
अग्निशमनवाला त्या दिवशी जाताना काय बोलला ते कुणाला आठवत नाही. "खाली मोकळ्यात असती तर गाडी जळाली असती काका. माणूस नसता गेला."

९ मे
काल तेरावं झालं. आज सुवर्णाला भेटायला गेलो. घर काळं पडलंय, नवघर गावात दिराकडे आहेत सगळे. नवरा आलाय दुबईहून. तिच्याशी बोलत नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून होती.
अर्ज घडी घालून खिशात नेला होता. आज सांगायचंच. पण तीच आधी म्हणाली,
"चूक माझी आहे, काका. गरम बॅटरी लगेच लावू नका, असं पुस्तकात लिहिलं होतं. घाईत लावली. तुम्ही तर कमिटीला विचारलंत आमच्यासाठी."
नवरा समोरच होता. ऐकत होता. मी म्हटलं, चहा नको, पित्त झालंय.
अर्ज तसाच घेऊन परत आलो. माझ्यासारखा नालायक मीच.

१५ मे
कमिटीनं खास सभा ठरवलीय. विषय : इमारतीत इलेक्ट्रिक गाड्यांना कायमची बंदी. ठराव मीच लिहायचा. अक्षर चांगलं ना माझं.
अर्जाची तारीख बघायला घडी उघडली. मागे टाचलेला कागद. दोन महिने उलटून पाहिला नव्हता. हरीभाऊनं कापून नेलेली मिठाच्या बॅटरीची बातमी. कडेला पेन्सिलनं त्याचं वाकडंतिकडं अक्षर :
"सेक्रेटरी, वैनीची गारी हलवू नको. वायर पलीकडून घेऊ. खर्च माझा."
रडलो. हिच्या वेळीही एवढा रडलो नव्हतो.

२४ मे, रविवार
सकाळी एकट्यानं स्कूटर हलवली. टायर बसून जमिनीला चिकटले होते, ढकलताना कव्हर उसवलं. भिंत मोकळी झाली. आता काय उपयोग.
बंदीचा ठराव लिहिलेला नाही. फाईलमध्ये फक्त अर्ज आहे, वर माझी पोच, तारखेसकट.
सभा दहाला. पार्किंगमध्ये सतरंज्या घातल्यात, खिडकीतून दिसतंय. सुवर्णाला कोणी बोलावलं नव्हतं, तरी आलीय. नवराही आहे, पण चार माणसं सोडून बसलाय.
खालून शाहभाईंची हाक आली, "सेक्रेटरी साहब, सब आ गए. शुरू करें?"
अर्ज वाचून दाखवेन. माझ्या ड्रॉवरमध्ये होता, हेही सांगेन. मागचा कागद तिच्यासमोर मोठ्यानं वाचता येईल का, माहीत नाही. चष्मा घेतलाय. जातो खाली.