मिनूची उलटी खुर्ची

सौंसर, मंगळवार, नोव्हेंबर १९८६

सुधाने परदेशातून मिनूसाठी गाडीत बांधायची खुर्ची आणली आहे. आज त्यांना निरोप द्यायला नागपूरला जाताना नात माझ्या मांडीवर असेल, असं मी धरून चालले होते. ती बसवता बसवता जावई अर्धा तास घामाघूम झाले. आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटला पट्टेच नाहीत.

"आई, तुमच्याइतका कडक पट्टा कुठे मिळणार? तुम्हीच धरा तिला."

मोह झाला. खोटं कशाला लिहू?

"पण पोरीचं तोंड मागे कायले?" मी विचारलं.

"जोरात ब्रेक लागला तर मान सांभाळली जाते," सुधा म्हणाली.

मागे तोंड. मी कॉलेजला निघाले तेव्हा बाबांनी मलाही बैलगाडीत असंच बसवलं होतं. म्हणाले, "माय दिसत राहीन तुले." बोरगावच्या वळणापर्यंत ती दिसत होती.

मी खाटेची नवार सोडून आणली आणि खुर्ची स्वतः आवळून बांधली. जराही हलेना. पुढे ड्रायव्हर आणि जावई, मागे खुर्ची, सुधा आणि बॅगा. मला जागाच उरली नाही.

गाडी निघाली. मागच्या काचेतून मिनूचं टोपडं तेवढं दिसलं. गाडी वळली तरी मी फाटकाशीच उभी.

मायही अशीच उभी राहिली असेल? तिला कधी विचारलंच नाही.