परत आलेला पलंग

दि. ४ जून

चि. सौ. मुनीमबाईस,
अ. उ. आ.

तुझी खुशाली कळली. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता हो हो करतो. कागदावर निदान माझं म्हणणं पुरं होतं, म्हणून हे पत्र.

दुकान बरं चाललंय. आजारी माणसांच्या सामानाला मंदी नसते, हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. तेवीस पलंग भाड्यानं बाहेर आहेत, चाकाच्या खुर्च्या तर एकही शिल्लक नाही. अडचण वेगळीच आहे. कर्जाची मुदत वाढवायला गेलो तर बँकेचे साहेब उधारीची यादी मागायला लागले. मी म्हटलं, गिऱ्हाइकांकडून भरपूर येणं आहे. ते म्हणाले, येणं आहे ते कळलं, त्यातलं येणार किती ते तारखांसकट लिहून आणा. 

खतावणी उघडून बसलो तर एक्केचाळीस नावं निघाली. आपला धंदा तुला ठाऊक आहे. भाडं थकतं ते बहुतेक वेळा शेवटच्या महिन्यांत. मग निरोप येतो, पलंग घेऊन जा. माणूस गेलेल्या घरात शिरायचं, जिन्यावरून पलंग उतरवायचा आणि वर भाड्यासाठी हात पसरायचा, हे मला बावीस वर्षांत जमलेलं नाही. मी खाली मान घालून निघतो. तुझी वहिनी म्हणते, यापेक्षा धर्मादाय दवाखाना काढला असता तर निदान नाव तरी झालं असतं.

लहानपणी तू उसन्या गोट्यांचाही हिशेब ठेवायचीस, म्हणून तुझं नाव मुनीमबाई पडलं. आता त्या नावाला जाग आणि मला मार्ग दाखव. बाळगोपाळांना गोड पापा. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
दादा

दि. ११ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गोट्यांतल्या सात अजून तुझ्याकडे बाकी आहेत, पण ते नंतर बघू.

घाबरण्यासारखं काही नाही. कारखान्यात मी वर्षानुवर्षं हेच करत आले आहे. एका मोठ्या कागदावर चार रकाने आख. तीन महिन्यांच्या आतली उधारी पहिल्यात, सहापर्यंतची दुसऱ्यात, वर्षापर्यंतची तिसऱ्यात, त्यापुढची चौथ्यात. उधारी जितकी जुनी तितकी ती येण्याची आशा कमी. पहिल्या रकान्यात शंभरातले पाच गेले असं धर, दुसऱ्यात पंधरा, तिसऱ्यात निम्मे. चौथा रकाना गेलाच असं समज. या सगळ्याची बेरीज म्हणजे बुडीत उधारीची तरतूद. तेवढी रक्कम नफ्यातून आत्ताच बाजूला काढ. उरेल ते तुझं खरं येणं. फुगवलेल्या आकड्यानं बँक फसत नाही रे, आपणच फसतो.

मात्र एखादं खातं बुडीत म्हणून काढून टाकण्याआधी मागणी केल्याचा कागद लागतो, नाहीतर बँक विचारेल की तुम्ही मागितलेच कधी. सोबत पत्राचा मसुदा टाइप करून पाठवते आहे. सहा महिन्यांच्या पुढच्या प्रत्येकाला एकेक प्रत धाड. आणि यादी करताना नावं वाचू नकोस, फक्त तारखा वाच. नावं वाचायला लागलास की संपलं, तुला मी ओळखते.

गुडघ्याचं कसं आहे? स्वतःच्या दुकानातली काठी वापरायला लाज कसली? वहिनीला सांग, मी तिच्या बाजूनं आहे.

माया आहेच, ती कोणत्याच रकान्यात घालू नकोस.

तुझी,
धाकटी

दि. २३ जून

चि. सौ. मुनीमबाईस,
अ. उ. आ.

रकाने आखले. चौथा रकाना पानाच्या तळापर्यंत गेला, तेव्हा तुझी वहिनी चष्मा लावून शेजारी येऊन बसली. 

यादीतला सायकलवाला स्वतःहून सांगून गेला की पैसे नाहीत, पण तुमच्या चाकाच्या खुर्च्यांची पंक्चरं जन्मभर फुकट काढून देईन. सर्वांत मोठी बाकी आहे ती चौकातल्या कापडवाल्याच्या मुलाची. मला पाहिलं की तो रस्ता ओलांडतो. आता मीच त्याच्या आधी ओलांडतो, बिचाऱ्याला त्रास नको.

एका नावापाशी मात्र हात थांबला. शिलाईवाल्या बाई. त्यांचे यजमान मालट्रक चालवायचे. अर्धांगाचा झटका आला, त्याला अडीच वर्षं झाली. तेव्हापासून आपला पलंग आणि पंपाची हवेची गादी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून देतो ती, त्यांच्याकडे आहे. पहिले सोळा महिने भाडं पहिल्या तारखेला यायचं. मग शेजारी तयार कपड्यांचं मोठं दुकान निघालं आणि बाईंची कामं आटली. दहा महिन्यांमागं त्या येऊन सांगून गेल्या की जमेल तसं देईन. त्यानंतर त्या आल्या नाहीत आणि मीही गेलो नाही. चौदा महिने थकलेत.

त्यांना पत्र पाठवू नये असं वाटतं. एक नाव गाळलं तर काय बिघडेल?

उत्तर लवकर दे, साहेब घाई करताहेत.

तुझा,
दादा

दि. ३० जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बिघडेल. आज एक गाळशील, उद्या सायकलवाल्याला गाळशील, आणि शेवटी यादीत उरेल तो फक्त रस्ता ओलांडणारा. मग ती यादी राहत नाही, तुझ्या आवडीनिवडी होतात. चौदा महिन्यांचं खातं गाळलेलं बँकेच्या पहिल्या नजरेत भरेल.

शिवाय पत्र पाठवलं म्हणजे तू वसुलीला गेलास असं नाही. बाईंनी नाही दिले तर पंधरा दिवसांनी खातं बुडीत लिहून मोकळा हो. पलंग त्यांच्याकडेच राहू दे. पत्र ही नुसती रीत आहे. मी दर वर्षअखेरीला पन्नास-साठ खाती अशी काढते. लाल रेघ मारते आणि डबा खायला जाते. तुला हे कोरडं वाटेल, पण दुकान उघडं राहिलं तरच पुढच्याला पलंग मिळेल.

राग मानू नकोस. तुझ्या भल्यासाठी बोलते, हे तुला ठाऊक आहेच.

तुझी,
धाकटी

दि. २१ जुलै

चि. सौ. मुनीमबाईस,
अ. उ. आ.

तुझं म्हणणं खरं ठरलं. एकोणीस पत्रं गेली, नऊ जणांनी पैसे भरले. कापडवाल्याच्या मुलानं तर नोकराच्या हाती निम्मी रक्कम पाठवली. साहेबांनी यादी पाहिली, तरतूद पाहिली आणि सही केली. मला म्हणाले, हे तुम्ही केलेलं दिसत नाही. मी म्हटलं, बहिणीनं केलंय.

शिलाईवाल्या बाईंचं मात्र वाईट झालं. सोळा तारखेला सकाळी हातगाडीवर पलंग घालून त्या स्वतःच दुकानात आल्या. गादी धुऊन, पुसून, घडी घालून आणली होती. पंपाची वायर गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. इतकं नीट सामान मला कधी परत आलेलं नाही. म्हणाल्या, पत्र मिळालं, आता भाडं पुढं वाढायला नको. मी समजलो. गृहस्थ गेले असणार. आपल्या धंद्यात पलंग परत आला की काही विचारायचं नसतं. मी एवढंच म्हटलं की मागचं भाडं मनावर घेऊ नका, ते खातं मी काढून टाकतो. त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग पावती मागितली, ती पदराला बांधली आणि गेल्या.

त्याच दिवशी खातं बुडीत लिहिलं. मन हलकं झालं, हेही कबूल करतो.

तुमच्याकडची खुशाली कळव.

तुझा,
दादा

दि. २८ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वाचून सुटल्यासारखं वाटलं. बाईंचं खातं तरतुदीतून वजा केलंस ना? पुन्हा खर्चात टाकू नकोस, नाहीतर एकच तोटा दोनदा धरला जाईल.

पण दादा, अडीच वर्षांचं गिऱ्हाईक आहे. इतकी नेटकी बाई, आता एकटी पडली असेल. तू आणि वहिनी एकदा भेटून या. हिशेबाचं काही काढू नका, नुसते जाऊन बसा. तुला अशा घरी जायला जड जातं हे ठाऊक आहे, तरी जा.

गुडघा सांभाळ.

तुझी,
धाकटी

दि. ६ ऑगस्ट

चि. सौ. मुनीमबाईस,
अ. उ. आ.

काल आम्ही दोघं भेटायला गेलो. कसं लिहावं कळत नाही, जसं झालं तसं लिहितो.

दुसऱ्या मजल्यावर एकच खोली. दार उघडं होतं. खिडकीशी शिलाईचं मशीन, त्यावर बाई वाकलेल्या. आम्ही उंबऱ्याशी चेहरे पाडून उभे राहिलो आणि खालून, जमिनीवरून, पुरुषाचा आवाज आला की या, आत या. ते जिवंत आहेत. गोधड्यांच्या थरावर निजलेले. चिंध्या भरून बाईंनीच ती गादी शिवली होती. मशीनवर गजराचं घड्याळ होतं. दर दोन तासांनी गजर झाला की उठून त्या त्यांना कुशीवर वळवतात. एकटीनं.

तुझी वहिनी त्यांच्या उशाशी जाऊन बसली. मी विचारलं, पलंग का परत केलात. बाई म्हणाल्या, पत्रात लिहिलं होतं ना, पंधरा दिवसांत पैसे भरा, अन्यथा सामान ताब्यात घेण्यात येईल. तुमची माणसं येऊन जिन्यावरून पलंग नेताना सगळ्यांनी पाहिलं असतं. यांनाही ते बघावं लागलं असतं. त्यापेक्षा मीच आणला. मी म्हटलं, मला वाटलं की यजमान गेले. त्या म्हणाल्या, तुम्ही विचारलं नाहीत, आणि खातं काढून टाकतो म्हणालात तेव्हा मला वाटलं, गरिबाची कीव करताय. मग मी कशाला बोलू.

वीस दिवस ते जमिनीवर होते. पाठीला आणि टाचांना जखमा झाल्यात. वहिनीनं पाहिल्या, मला बघवेना. संध्याकाळी पलंग आणि गादी घेऊन परत गेलो. बाई नको म्हणत होत्या. गृहस्थांनीच सांगितलं की राहू दे, दादा स्वतः घेऊन आलेत. मी त्यांना उचललं. हाताला काही वजनच लागलं नाही.

यजमान कसे आहेत, पलंग का आणलात, दोनच वाक्यं विचारायची होती. ती विचारणं मला जड गेलं.

तुझा,
दादा

दि. १३ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि दिवसभर काम झालं नाही. तू तुझ्या दोन वाक्यांचं लिहितोस. माझं एकच होतं. सामान ताब्यात घेण्यात येईल, हे मी कारखान्याच्या छापील पत्रातून उचललं. तिथं ते यंत्रांसाठी लिहिलेलं असतं. तुला पाठवताना मी ते नीट वाचलंही नव्हतं. तू त्यांना गाळू म्हणालास, तेव्हा मी तुला यादी कशाला म्हणतात ते शिकवलं.

इतक्या वर्षांत मी किती खात्यांवर रेघ मारली असेल. त्यातला एकही माणूस मी पाहिलेला नाही.

सोबत पैसे पाठवते आहे. चौदा महिन्यांचं भाडं आणि औषधपाण्याला थोडे. कोणी दिले ते सांगू नकोस. चांगला डॉक्टर बघ. वहिनीला तिथं जात राहायला सांग.

माझ्यावर लोभ कर म्हणायला आज धीर होत नाही.

तुझी,
धाकटी

दि. १२ सप्टेंबर

चि. सौ. मुनीमबाईस,
अ. उ. आ.

तार केली ती मिळाली असेल. शिलाईवाल्या बाईंचे यजमान सव्वीस ऑगस्टला इस्पितळात वारले. जखम हाडापर्यंत गेली होती, तिचं विष अंगभर पसरलं. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, पलंगावर असते तरी जखमा झाल्याच नसत्या असं सांगता येत नाही. माझं समाधान व्हावं म्हणून म्हणाले की खरंच, कोण जाणे. तू विचारशील म्हणून लिहिलं.

परवा बाई दुकानात आल्या. टेबलावर एका महिन्याचं भाडं ठेवलं. म्हणाल्या, दर पाच तारखेला एक महिना फेडीन. मी हात जोडले. खातं कधीच काढून टाकलंय म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही काढलंत, मी नाही काढलं. झोपले होते ना ते त्या पलंगावर? तुझे पैसे एका हितचिंतकाचे म्हणून पुढं केले, तर त्यांनी हातही लावला नाही. परत पाठवतो आहे.

एक गोष्ट मात्र त्यांनी मागितली. मधले वीस दिवस पलंग आमच्याकडे नव्हता, म्हणाल्या, तेवढ्या दिवसांचं भाडं धरू नका.

मी पैसे ठेवून घेतलेत, पण वहीत काहीच लिहिलेलं नाही. बुडीत काढलेल्या खात्यावर पैसे आले तर ते कुठं मांडायचे? तूच सांग.

तुझा,
दादा

दि. ४ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घरी सुखरूप पोहोचले. तुमच्याकडे दोन दिवस राहिले, पण शिलाईवाल्या बाईंच्या खोलीत जे झालं त्याबद्दल तुमच्यासमोर बोलवेना, म्हणून लिहिते.

ब्लाउजचं कापड घेऊन गेले होते. तेवढाच बहाणा. मनात ठरवलं होतं की माप देता देता ते पत्र माझं होतं हे सांगायचं. पलंगाच्या जागी आता कापडांचा ढीग होता. बाईंनी माप घेतलं, आकडे खडूनं फळीवर लिहिले, मला हात वर करायला सांगितलं, वळायला सांगितलं.  शेवटी टेप गळ्यात टाकत त्याच म्हणाल्या की तुम्ही दादांची बहीण ना, चेहरा तसाच आहे. मग म्हणाल्या, ते पत्र तुम्हीच लिहिलेलं असणार, दादांना तसं येत नाही. चांगलं लिहिलं होतं. एकदा वाचलं की सगळं समजत होतं.

त्या टोचून बोलत नव्हत्या, दादा. खरोखरच सांगत होत्या. मी माफी मागितली.  ब्लाउज पंधरा दिवसांनी मिळेल एवढंच त्या म्हणाल्या, आणि आगाऊ दिलेले जास्तीचे पैसे मोजून परत केले.

तू विचारलंस त्याचं उत्तर. आधी त्यांचं नाव खतावणीत परत उघड. बुडीत म्हणून जी नोंद केली होतीस ती उलटी फिरव, म्हणजे चौदा महिन्यांची बाकी पुन्हा त्यांच्या नावावर उभी राहील. मग आलेली रक्कम जमा कर. वीस दिवस भाड्यात धरू नकोस. नुसती रोकड जमा करून भागत नाही. ज्यांनी फेडायला सुरुवात केली त्यांचं खातं वहीत जिवंत दिसलं पाहिजे.

उद्या पाच तारीख. त्या येतील तेव्हा दुकानात राहा. खुर्ची पुढे कर, पैसे त्यांच्यासमोर मोजून घे, पावती दे. सूट देऊ नकोस. ती द्यायचा अधिकार आता आपल्याकडे राहिलेला नाही.

वहिनीला नमस्कार. उरला असेल तेवढा लोभ असू दे.

तुझी,
धाकटी