बुजवलेली खिडकी

कुडवा, गोंदिया
दसऱ्यानंतरचा सोमवार, २००९

प्रिय योगू,

पत्र बघून हसशील. घरात मोबाईल असताना ताईला हे काय सुचलं, म्हणशील. पण तुझ्याकडे फोन वाजला की आधी सासूबाई उचलतात, आणि मग स्पीकर लावून सगळं घर ऐकतं. मला जे सांगायचंय ते तू एकटीने, निवांत बसून वाचावंस म्हणून आईच्या हातून पाठवते आहे. आठवा लागला ना तुला? पाय अजून सुजतात का? पाण्याची बादली उचलू नकोस. नको म्हटलं की मुद्दाम करायची तुझी जुनी खोड आहे, म्हणून पुन्हा सांगते, उचलू नकोस.

तुझ्या सासऱ्यांची इथली, कुडव्यातली खोली आम्ही सोडली, हे तिकडे गावात तुला कळलंच आहे. मागच्या वेळी फोनवर तू किती तुटक बोललीस! "सोयऱ्यात काऊन वाकडं घेतलं, ताई?" एवढंच म्हणालीस आणि फोन ठेवलास. मला ते फार लागलं. तुझ्या सासऱ्यांनी, टिकाराम मामाजींनी, सोयरे म्हणून आम्हाला जागा दिली. करारनामा नाही, पावती नाही, सगळा विश्वासाचा मामला. खुशीच्या बाबांची राइस मिलमधली नोकरी तेव्हा नवी होती आणि गोंदियात आमचं दुसरं कोणी नव्हतं. ते उपकार मी विसरलेली नाही. पण पुढे काय झालं ते तुला कोणी धड सांगितलेलं दिसत नाही.

ती मागची खोली तुला आठवते? खुशीच्या बारशाला आलीस तेव्हा तिथे खिडकी होती. त्या खिडकीत बसून तू कच्चे पेरू खाल्लेस आणि पोट बिघडवून घेतलंस, माझ्या पाहुण्यांपेक्षा तुझीच सरबराई जास्त करावी लागली. गेल्या वर्षी मामाजींनी मागे धानाची कोठी बांधली, आमच्याच भिंतीला लागून, आणि खिडकी विटांनी बुजवून टाकली. यंदा उन्हाळी धान निघता निघता पाऊस आला. पोती ओलीच रचली. आषाढात आमच्या बाजूने भिंतीला घाम फुटल्यासारखं झालं. आधी खाटेमागे काळे ठिपके दिसले, आणि पोळ्यापर्यंत हिरवट काळा बुरा छताला पोचला. उशीला तो कुबट वास, खुशीच्या फ्रॉकला वास, पिठाच्या डब्यातही तोच वास.

मी काय केलं असेल सांग बघू? आईने शिकवलं तेच. छुई माती आणली, कालवली आणि भिंत पोतून काढली. आपल्या घरच्या मातीच्या भिंती छुईने कशा पांढऱ्याशुभ्र आणि कोरड्या होतात! पण ही भिंत सिमेंटची. वरून छान दिसायची, आतली ओल तशीच, आणि थोड्याच दिवसांत बुरा आणखी जोमाने वर यायचा. मी पुन्हा पोतायची. खुशीही बोळा घेऊन माझ्याबरोबर भिंतीला हात फिरवायची आणि खोकायची. मला वाटायचं, सर्दी असेल.

सर्दी नव्हती गं ती. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खळगा पडायला लागला. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि पोरगी बोलता बोलता थांबून माझ्याकडे बघत राहायची. तिचं ते बघणं मला सहन व्हायचं नाही. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "घर में सीलन है क्या?" ओल आहे, मी हो म्हणाले. "फिर पहले कमरा बदलिए. दवा तो मैं देता रहूँगा." औषध सुरू केलं, वाफेच्या मशीनवर बसवलं. तिथे बरी व्हायची आणि घरी आलो की पुन्हा तेच.

मामाजींना आम्ही हात जोडून सांगितलं, पोती हलवा, खिडकी उघडून द्या. ते म्हणाले, "बुरा तं आमच्या घरी बी येते, कायले घाबरून राहिली? दिवसभर भात शिजवता, कपडे अंदर वाळवता, ओल तुमचीच हाय." खुशीचे बाबा शेवटी ओळखीच्या जागेश्वर वकिलांकडे जाऊन आले. वकील म्हणाले, घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचंच काम आहे, नोटीस द्या. कागद नाही म्हणून तुम्ही बेवारशी होत नाही, आणि उठा म्हटलं की उठायचं असंही नाही. नोटीस टाइपसुद्धा झाली होती. मीच जाऊ दिली नाही. ती तुझ्याच दारात येणार, मामाजी ती वाचत असताना चहा तू ठेवणार, आणि त्यानंतर घरातली बोलणी तूच खाणार. हक्क म्हणून आम्ही तिथे राहिलोही असतो. पण खुशीला तिथे ठेवण्याचा हक्क मला नकोच होता. म्हणून निमूटपणे निघालो.

आता कुडव्यातच नंदाबाईंकडे एक खोली घेतली आहे. लहान आहे, वर टिनाचं छप्पर आहे, दुपारी तापतं. परवा खुशी जेवून झोपली आणि किती वेळ खोकल्याचा आवाजच नाही. मी घाबरून तिच्या नाकाशी बोट धरलं. शांत झोपली होती. मला रडू आलं.

आता जे सांगायला बसले ते सांगते. शेवटचं सामान आणायला गेले तर मामाजी रंगाऱ्याला घेऊन उभे. भिंत गुलाबी झाली होती, नवी बाज आली होती. मी विचारलं, नवीन भाडेकरू का? तर मोठ्या आनंदाने म्हणाले, "भाडेकरू नाही व, योगेश्वरीले आणून राहिलो बाळंतपणाले. दवाखाना जवळ, अन् खिडकीच नाही तं बाळंतिणीले वारा लागाचं काम नाही." त्यांच्या मनात खोट नाही, योगू, म्हणूनच मला जास्त भीती वाटते. त्या खोलीत दार लावून, शेगडी पेटवून महिनाभर तुला आणि तान्ह्या बाळाला ठेवतील, आणि सगळं मायेने करतील. मी तिथल्या तिथे सांगितलं, तर हसले. खोली सोडणारी बाई नावं ठेवणारच, म्हणाले. तूही तसंच समजशील का गं? माझा राग धर, हवं तर जन्मभर बोलू नकोस, पण त्या रंगाला फसू नकोस. आईकडे, बोदलकशाला, मोठा दवाखाना लांब पडतो, ते मलाही कळतं. माझ्याकडे ये. या खोलीला दोन खिडक्या आहेत, आणि तुझी खाट मी मधोमध लावून ठेवली आहे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तीही वाऱ्याचंच नाव काढेल. तू भांडू नकोस, कोणाला समजावत बसू नकोस. डोहाळे लागलेत म्हण, ताईच्या हातचंच खायचंय म्हण. आठव्या महिन्यात कसले डोहाळे, असं सासूबाई म्हणतील. म्हणू देत. पोटुशी बाईचं मन कोणी मोडत नाही. आई अजून बाहेर सगळ्यांत बसली असेल. पत्र घडी करून ठेव आणि आत्ताच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण, ताईकडे जायचंय.

वाट बघणारी, तुझीच
ओमूताई