खांदा वळवायचा नाही

पलूस,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय नंदे,

तुला सलाम आणि तुझ्या हॉस्टेलच्या रेक्टरबाईंना नमस्कार. त्या मुलींची पत्रं उघडून वाचतात असं तू लिहिलं होतंस, म्हणून त्यांनाही. बाई, वाचत असाल तर पहिल्या पानावरच थांबा, पुढचं आम्हा दोघींचं आहे.

इकडे सगळे मजेत. तुझी आई परवा अब्बांच्या दुकानात आली होती, ट्रॅक्टरच्या सीटला नवं कव्हर शिवून घ्यायला. अब्बांनी लालभडक रेक्झिन लावून दिलंय. तुझे पप्पा सुट्टीवर आले की बघतीलच आणि डोक्याला हात लावतील. कारखाना सुरू झालाय, त्यामुळे शाळेच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. तुझा मोबाईल हॉस्टेलवाल्यांनी काढून घेतला हे एका परीनं बरंच झालं बघ. एवढं सगळं मी काही टाईप केलं नसतं.

आता बातमी! मी शुक्रवारी सांगलीला जाऊन आले. जिल्ह्याच्या खो-खो संघाची निवड चाचणी होती. काय झालं ते शेवटी सांगणार, आधी पान उलटून बघायचं नाही. बघितलंस ना? मला माहितेय तू बघितलंस. वर ये परत.

पहिल्यांदा त्याच्याबद्दल लिहिते. तू साताऱ्याला गेल्यापासून त्याच्याबद्दल बोलायला माणूसच उरलं नाही मला. माझ्या फरिश्त्याची गोष्ट जगात तुला एकटीलाच ठाऊक. आपण पहिलीत होतो, कालव्यावर गेलो होतो. माझ्या उजव्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला, मी मागे वळले, आणि जिथं पाय टाकणार होते ती कड धपकन पाण्यात गेली. मागे कुणीच नव्हतं. तू तर पार लांब चप्पल धूत बसली होतीस. तेव्हापासून तो आहे. कुत्रं अंगावर येणार असो की बाई प्रश्न विचारणार असोत, आधी खांद्यावर त्याचा हात येतो. म्हणून नमाजच्या शेवटी आम्ही दोन्ही खांद्यांवरच्या फरिश्त्यांना मान वळवून सलाम करतो ना, तेव्हा मी उजवीकडे जरा जास्तच थांबते. अम्मी विचारते, मान लचकली का गं? तूपण एकदा आमच्या ओसरीवर बसून तुझ्या खांद्याला सलाम केला होतास आणि म्हणाली होतीस, माझा झोपलाय वाटतं.

पण मैदानावर त्यानं माझी लय पंचाईत केली. खो मिळाला की सरळ धावायचं, खांदा मागे वळवला की फाउल, हा नियम तुला काय सांगायचा. आणि नेमकं धावताना त्याचा हात यायचा. हात आला की मी वळणारच, सवयच तशी. तालुक्याच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला असंच झालं. समोरची मुलगी हातभर अंतरावर होती, मी मागे वळून बघितलं आणि आपली शाळा हरली. आपले खो-खोचे नानासो सर लालेलाल. मागं तुझा कोण मामा उभा होता का, म्हणाले. आता सरांना काय सांगणार? तरीपण त्यांनी चाचणीला माझं नाव पाठवलं. एवढंच म्हणाले की शिफा, सांगलीत एकदा जरी वळलीस तर ते लोक तुला परत बघणारसुद्धा नाहीत.

मी म्हटलं, ठीक आहे, त्याला समजावून सांगते. रोज नमाजनंतर उजवीकडे बघून विनवायची, बाबा रे, त्या दिवशी हात लावू नकोस, पण जाऊही नकोस. तू जवळ असलास की मला धीर असतो.

आणि बुधवारी एक झालं. ते कसं लिहू? दोन ओळी लिहून खोडल्या बघ वर. बरं, लिहितेच. मला पाळी आली. आली गं बाई शेवटी! नववीच्या वर्गात मी एकटीच राहिले होते, मुली मला 'चिमणी' म्हणायच्या. आनंद झाला, रडूही आलं. अम्मीनं सगळं नीट समजावलं आणि जाता जाता सांगितलं की आता हे दिवस नमाज पढायची नाही, माफ असते.

नमाज नाही म्हणजे सलाम नाही. सलाम नाही म्हणजे तो माझ्याकडे कशाला थांबेल? खरंच सांगते, तसंच झालं. बुधवारपासून खांद्यावर काही नाही. जिन्यात पाय घसरला तरी नाही. मी न्हाणीघरात गुपचूप नुसता सलाम करून बघितला. काही नाही. मोठी झाले म्हणून सोडून गेला असं मला वाटलं, आणि त्याच्याशिवाय मैदानात उतरायची माझी छाती होईना.

म्हणून गुरुवारी मी जाहीर केलं, पोट दुखतंय, सांगलीला जाणार नाही. अब्बा बिचारे ओवा घेऊन आले. पण शुक्रवारी सकाळी बघते तर अम्मी बुरखा घालून, माझी पिशवी भरून दारात उभी. ट्रॅक पँटच्या दोन जोड्या, पॅड, पाण्याची बाटली, शेंगदाण्याचे लाडू. पोट एसटीत दुखू दे, म्हणाली.

एसटीत खिडकीशी बसून मी रडायला लागले आणि तिला सगळं सांगून टाकलं. कालवा, हात, फाउल, सगळं. नंदे, इतकी वर्षं तुझ्यामाझ्यात होतं ते मी अम्मीला सांगितलं, रागावू नकोस. मला वाटलं ती हसेल. हसली, पण नंतर. आधी तिनं माझा उजवा खांदा बुरख्याच्या बाहीनं पुसला, जणू तिथं खरंच कुणी बसणार होतं. मग आपल्या बोलीत म्हणाली, "सुट्टी तुला दिलीय पोरी, त्याला न्हाई. तुझ्या सलामावर पगार घेतो व्हय त्यो?"

शेजारी बसलेल्या हरणाबाई नावाच्या आजींनी विचारलं, कोण हो, भाऊ का? अम्मी म्हणाली, व्हय, थोरला.

मैदानात उतरले तरी खांदा रिकामाच होता. पहिला खो मिळाला आणि मी मूर्खासारखी त्याच्या हाताची वाट बघत राहिले. तासगावची प्रांजल नावाची एक मुलगी पळत होती, ती माझ्या नाकासमोरून निघून गेली. बाहेरून नानासो सर ओरडले. बसले परत चौकटीत. म्हटलं, शिफे, आता तुझे डोळे आणि तुझे पाय, बाकी कुणी नाही.

मग मी प्रांजलकडे बघायला लागले, नीट, आयुष्यात कुणाकडे बघितलं नव्हतं तसं. ती वळायच्या आधी तिचा गुडघा किंचित आत यायचा. दुसरा खो मिळाला. गुडघा आत आला आणि ती वळायच्या आत मी तिच्या पाठीवर थाप मारली. नंदे, बाद! त्यानंतर काय झालं मला नीट आठवत नाही. आणखी दोघी बाद केल्या. खुंटाला धरून असा सूर मारला की कोपर सोलून निघालं. आणि पूर्ण डावात एकदाही खांदा वळवला नाही. मागे कुणी असेल नसेल, मला बघायचंच नव्हतं. मी एकटी धावत होते आणि ते मला इतकं आवडलं की मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं.

झाली निवड! सांगली जिल्हा! सर चक्क हसले. अम्मीनं मैदानावरच सगळ्यांना लाडू वाटले, हरलेल्या मुलींनासुद्धा.

परतताना अम्मीनं विचारलं, आज होता का तो? मी म्हटलं, हात लागला नाही. मला वाटतं तो होता, फक्त त्यानं हात मागे घेतला होता. परत नमाज सुरू झाली की मी त्याचे आभार मानणार आहे आणि सांगणार आहे की बाबा, एरवी तू ये, मैदानावर माझं मी बघते.

आता एक राहिलंय. त्याच्याभोवतीच मी एवढी पानं घुटमळतेय. जूनमध्ये मी तुझ्या हॉस्टेलला येणार, एकाच खोलीत राहायचं, साताऱ्याच्या संघात एकत्र खेळायचं, असं आपलं ठरलं होतं. मी येत नाही. आता सांगलीकडूनच खेळायचं, असं मी सरांना सांगून बसले. तुला विचारलं नाही.

आणि पुढचंही ऐक. निवड झाल्यावर समितीच्या बाईंनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं की पुढच्या महिन्यात विभागीय सामने साताऱ्यात आहेत. साताऱ्याच्या संघात एक मुलगी आहे, मूळची पलूसचीच, ती कुणाच्या हाताला लागत नाही. म्हणाल्या, "तिला पकडायची तयारी कुणाची आहे?"

मी हात वर केला.

रागावलीस तर उलट पत्र पाठव, त्यात तुला हव्या तेवढ्या शिव्या घाल मला. पण हात मी खाली घेणार नाही. डावीकडे वळायच्या आधी तू खालचा ओठ चावतेस, नंदे. लहानपणापासून. हे मी सरांनाही सांगितलेलं नाही, संघात कुणालाच नाही, आणि सांगणारही नाही. पण मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. आता तू काय करायचं ते कर.

पळ चांगली.

तुझीच, आणि तुझ्या मागे धावणारी,
शिफा इमाम तांबोळी
सांगली जिल्हा