हर्षदच्या नावाचा चषक

१२ जानेवारी २०२५, रविवार

सकाळी बाजारात गेलो. सुकट, कांदे, विमलच्या गोळ्या आणल्या. दुपारी रमेश आला. थोरल्या भावाचा मुलगा, आमच्या समाजाच्या क्रिकेट कमिटीत आहे. म्हणाला, "तात्या, यंदा समाजाच्या स्पर्धेला आपल्या हर्षदचं नाव द्यायचं ठरतंय. कै. हर्षद स्मृती चषक. पुलापलीकडच्या मैदानात. पेणपासनं टीमा येतील."

मी मान हलवली. विमल आतून बाहेर आली. श्रावणात हर्षदची मोटरसायकल घसरली, आमचं पोर गेलं, तेव्हापासून ती कोणासमोर येत नाही. उंबऱ्याबाहेर पाय नाही. आज आली. विचारलं, "भोंग्यावरून नाव घेतील?"

"दर ओव्हरला घेतील, काकू!"

रमेशच्या चहात तिने दूध जास्त घातलं.

१५ जानेवारी

दाढी करताना लक्षात आलं. समाजाची स्पर्धा म्हणजे समाजाचीच मुलं. मैदानावर आधार कार्ड बघतात, आडनाव बघतात. म्हणजे फुरकान नाही. दत्ता नाही. पोराच्या नावाची स्पर्धा आणि पोराची टीम बाहेर!

विमलला बोललो नाही.

१६ जानेवारी

पोरं टीमला क्लब म्हणायची. क्लब म्हणजे काय, तर आमच्या ओटीवर ठेवलेली एक किटबॅग आणि संध्याकाळी जमलेली आमच्या अष्टमी गावातली पोरं. हर्षद कॅप्टन. फुरकान मोहल्ल्यातला, टेम्पो चालवतो, बॉलिंग टाकायचा. दत्ता वाडीवरचा, कातकऱ्यांचा. बाप बुधा मजुरीला जातो, दत्ताही जातो. काम सुटलं की तसाच मातीच्या अंगाने यायचा, विकेटकीपर.

पेणजवळच्या जोह्याहून आमचा गणपती यायचा तो फुरकानच्या टेम्पोतून. हर्षद असतानाच्या शेवटच्या खेपेला दत्ता मागे मूर्ती धरून बसलेला. विमल ओरडली, "धक्का लागला तर बघ हां!" तर तो म्हणतो, "काकी, मी कदी कॅच सोडलाय काय?" रस्ताभर हसत आले.

अलीकडे प्रत्येकाची आपापली लीग झाली. आमची आहे. फुरकानच्या जमातीची आहे, मस्कतला असलेले लोक तिचा खर्च करतात. वाडीवाल्यांचीही निघाली. कोणी कोणाशी भांडलं नाही. नुसतं वेगळं झालं. हर्षद आमच्याही लीगला खेळायचा नाही. रमेश चिडायचा. हा म्हणायचा, "मी तिकडं आलो तर इकडं टीम कोण उतरवणार?" बस, तेवढंच. तो गेल्यावर कोणीच उतरवली नाही.

१९ जानेवारी, रविवार

फुरकान आला. किटबॅग न्यायला आला असेल असं वाटलं, पण तिच्याकडे बघितलंही नाही. ओटीवर बसला.

"तुला कळलं?" मी विचारलं.

"व्हय काका. चांगलं हाय की."

"तुला खेळायला मिळणार नाही त्यात."

"नाय तर नाय. बघायला येईन." मान खाली. मग आत हाक दिली, "काकी, अम्मी आठवण काढते. चक्कर मारा की."

विमल आतूनच "बघू रे" म्हणाली.

निघताना पायरीवर थांबला. काहीतरी सांगायचं होतं त्याला. मी विचारलं नाही. मला कधी विचारता येत नाही. चपला घालून गेला.

२४ जानेवारी

स्टँडवर दत्ता भेटला. "काका, मला पानी वाटायला तरी घेतील काय वो? त्याला आधार कार्ड नाय ना लागत?"

आणि हसला. मला हसता आलं नाही. वडापाव खातोस का विचारलं. नको म्हणाला.

२६ जानेवारी, रविवार

बोलायचंच असं ठरवून रमेशकडे गेलो. बसायच्या आधी त्याने मोबाइल पुढे केला. बॅनरचा फोटो. हर्षद पांढऱ्या शर्टात, मागे ढग काढलेत. "कसा वाटतो, तात्या?"

"चांगला आहे" म्हणालो. चहा घेतला. परत आलो.

३० जानेवारी

विमलने कपाटातून साडी काढली. फिकट निळी. उन्हात घातली. "वर्षाच्या आत मैदानात गेलेलं चालेल ना हो?" विचारते. "नारळ आपण नाही फोडायचा, नुसतं बसायचं."

चालेल म्हणालो.

२ फेब्रुवारी, रविवार

पेणला कमिटीची शेवटची सभा. रमेशने एसटीत खिडकीजवळ बसवलं, आजाऱ्याला बसवतात तसं. हॉलमध्ये शाल, श्रीफळ. मग अध्यक्ष म्हणाले, "काका, दोन शब्द बोला."

मी आयुष्यात कधी दोन शब्द बोललो नाही. कंपनीतल्या निरोपाच्या दिवशीसुद्धा नाही. उभा राहिलो. विचारलं, "हर्षदच्या टीमला घेता येईल का? त्यातली सगळीच आपल्या समाजाची नाहीत."

कोणी रागावलं नाही. सेक्रेटरी शिकलेला मुलगा, शांतपणे म्हणाला, "काका, भावना समजते. पण त्यांच्या लीगमध्ये आपल्या पोरांना घेतात का? एकदा नियम मोडला की उद्या प्रत्येक गाव बाहेरचा बॉलर आणणार."

खरंच, ते तरी कुठे घेतात? खाली बसायचं सोडून बोलून गेलो, "मग हर्षदचं नाव नको."

रमेश माझा हात ओढत होता, "तात्या, बसा… तात्या!"

परत येताना तो वेगळ्या सीटवर बसला.

खरं लिहायचं तर एसटीत मला बरं वाटत होतं. पोरासाठी काहीतरी केलं असं वाटत होतं.

३ फेब्रुवारी

विमलला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडायची थांबली.

"मला विचारलंत?"

फुरकान, दत्ता, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं," म्हणाली. "पण मला ते नाव मोठ्याने ऐकायचं होतं हो. या घरात तर कोणी घेतच नाही."

खरंय. मी घेत नाही.

४ फेब्रुवारी

साडी परत कपाटात.

५ फेब्रुवारी

रमेशला फोन केला. नाव राहू दे म्हणणार होतो. तो म्हणाला, "आता नाय जमायचं, तात्या. दुसरे स्पॉन्सर झाले. त्यांच्या वडिलांचं नाव दिलंय." आवाज रागाचा नव्हता त्याचा. दमलेला होता.

९ फेब्रुवारी

काही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज फायनल. दुपारी फुरकानची आई सुगरा आली. विमलजवळ बसून बराच वेळ रडली. जाताना मला म्हणाली, "भाऊ, पोरानं शपथ घातलीय, पण सांगते. चषकाला हर्षदचं नाव द्या, असं त्यानंच रमेशला जाऊन सांगितलं व्हतं. रमेश बोलला, अरे, पन मग तुला खेळता नाय येणार. तर हा बोलतो, मी बाहेर राहीन, पन काकी त्या निमतानं घराबाहेर येतील, नाव ऐकतील."

तिला पायरीपर्यंत सोडलं.

विमल भिंतीकडे तोंड करून पडून आहे. नदीपलीकडून भोंगा ऐकू येतोय. दुसऱ्या कोणाचं नाव घेतायत. दर ओव्हरला.

कुकर मीच लावला. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. शिट्ट्या होईपर्यंत ओट्याजवळ उभा राहिलो.